ड्रेन नटचे आटे गेले तर: ड्रिल उचलण्याआधी काय बघायचं आणि मग काम कोणत्या क्रमानं करायचं

ड्रेन नट, म्हणजे इंजिनाच्या तळाला ऑइल काढायच्या भोकात बसणारा बोल्ट, घट्ट होत होत येतो आणि एकदम पाना मोकळा फिरतो. आटे गेले. इथवर चूक एकच झालेली असते. पण पुढच्या तासाभरात घाईनं जे केलं जातं, त्यानं इंजिन हातचं जातं. कुणी बोल्टला टेफ्लॉन टेप गुंडाळतं, कुणी एम-सील थापतं, कुणी हाताला लागेल तो जाडा बोल्ट पान्यानं रेटून बसवतं. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडनं येणाऱ्या गाड्यांत हे तिन्ही प्रकार मी पुन्हा पुन्हा बघतो. बहुतेक वेळा मूळ काम अर्ध्या दिवसाचं असतं. ते बिघडतं ते क्रम चुकल्यामुळं, म्हणून सगळं क्रमानं लिहितोय.

खालचं वर्णन मोटारसायकल आणि स्कूटरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिनाला धरून आहे. कारच्या चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाचं ऑइल साठणारं भांडं) काय फरक पडतो ते पुढं वेगळं दिलंय.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. ऑइल आट्यांमुळं थांबत नाही, वायसरमुळं थांबतं. आट्यांचं काम बोल्टचं डोकं ओढून वायसरला बैठकीवर, म्हणजे भोकाभोवतीच्या सपाट जागेवर, दाबून धरायचं, एवढंच. तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा मऊ वायसर दबून बैठकीच्या बारीक खाचांत बसतो आणि तिथं गळती बंद होते. जुना, एकदा दबलेला वायसर परत घातला की नट पाझरतो. मग गाडीचा मालक शेजारी उभा राहून म्हणतो, "आणि एक पीळ मार की, गळायला नको." त्या एका पिळात अ‍ॅल्युमिनियमचे आटे निघून हातात येतात. नवा वायसर चहाच्या पैशात मिळतो.

टप्पा १: खरंच आटे गेलेत का, ते बघा

बोल्ट पूर्ण काढा, पुसा आणि उजेडात धरा. बोल्टच्या आट्यांत स्प्रिंगसारखी चकचकीत, पातळ तार गुंडाळून आलेली दिसली, तर तो चेंबरचा आटा आहे. अ‍ॅल्युमिनियम मऊ, बोल्ट पोलादी, त्यामुळं निघून येतो तो नेहमी भोकाचा आटा. ती तार सुईनं सोडवून बाजूला ठेवा. तिचे किती वेढे आहेत त्यावरून किती आटे गेले याचा अंदाज येतो. तीन वेढे असतील तर आत खोलवर अजून चांगले आटे शिल्लक असण्याची शक्यता चांगली असते.

तार नसेल, तर दोष बोल्टमध्येही असू शकतो. मागच्या वेळी कुणीतरी दुसऱ्याच गाडीचा बोल्ट लावलेला असतो. १२ मिमी जाडीचा, पण पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.२५ मिमीचं. १.५ पिचच्या भोकात तो दोन-तीन फेरे हातानं जातो, म्हणून बरोबर वाटतो, आणि पुढं पाना लावला की आटे कापत जातो. कंपनीचा नवा बोल्ट आणून फक्त बोटांनी फिरवून बघा. शेवटपर्यंत सरळ गेला आणि डगडगला नाही, तर ड्रिलची गरजच नाही.

गळती असूनही आटे ठीक वाटत असतील, तर चिरेची शंका घ्या. भोकाच्या आजूबाजूची जागा पेट्रोलनं स्वच्छ पुसा, वाळू द्या, त्यावर शाळेच्या खडूची पूड चोळा आणि अर्धा तास थांबा. चीर असेल तर पांढऱ्या पुडीवर ऑइलची केसासारखी काळी रेघ उमटते.

सावध: चीर दिसली तर पुढचे टप्पे सोडा. चिरलेल्या चेंबरमध्ये हेलिकॉइल किंवा बुश (नव्या आट्यांसाठी भोकात बसवायचे तुकडे, टप्पा ३ मध्ये येतील) घातला तर चीर वाढते. ते काम आधी आर्गन वेल्डिंगचं, तेही चेंबर उघडून.

टप्पा २: मापं घ्या, आणि कागदावर लिहा

हा टप्पा लोक सर्रास गाळतात. मापं पाच आहेत.

बोल्टची जाडी व्हर्नियरनं मोजा. आपल्याकडच्या पुष्कळ मोटारसायकलींना १२ मिमी, १.५ पिच असतो, पण ते गृहीत धरू नका.

पिच गेज नसेल तर दहा आट्यांची लांबी मोजा. १५ मिमी भरली तर पिच १.५, साडेबारा भरली तर १.२५. बोल्टवर दहा आटे नसतील तर माहितीतला एक बोल्ट घ्या, दोघांचे आटे एकमेकांत बसवून उजेडाकडं धरा. मधनं उजेड दिसला नाही तर पिच तोच.

बॉस म्हणजे भोकाभोवतीचा जाड धातू. त्याची खोली, म्हणजे बैठकीपासून भोक आत जिथं संपतं तिथपर्यंतचं अंतर. बारीक तारेचं टोक काटकोनात वाकवा, आत घाला, हुक आतल्या कडेला अडकवा, बाहेर बैठकीपाशी खूण करा आणि तार काढून मोजा. दोन मिनिटांचं काम, आणि यावरच पुढचं सगळं ठरतं.

भोकाभोवतीच्या धातूची जाडी. नवं, मोठं भोक पाडल्यावर सगळ्या बाजूंनी निदान ३ मिमी धातू उरायला हवा, असा मी हिशोब धरतो. काही इंजिनांत बॉस एका बाजूला पातळ असतो, म्हणून चारही बाजू बघा.

पाचवं माप वायसरचं: आतला व्यास आणि बाहेरचा व्यास. ते कशाला लागतं ते टप्पा ५ मध्ये येईल.

तपासा: पाचही आकडे कागदावर आले का? एकही राहिला असेल तर दुकानात जाऊ नका. किट चुकीचं येईल.

टप्पा ३: कमीत कमी धातू काढणारा उपाय निवडा

अ‍ॅल्युमिनियम एकदा काढलं की परत येत नाही. म्हणून उपाय खालच्या पायरीनं सुरू करायचे आणि गरज पडली तरच वर चढायचं.

पहिली पायरी, आटे फक्त चेपलेत, निघालेले नाहीत. त्याच मापाच्या टॅपनं (भोकात आटे पाडायचं हत्यार) हलक्या हातानं साफ करा, नवा बोल्ट लावा.

दुसरी पायरी, बाहेरचे आटे गेलेत पण आतले शाबूत आहेत. थोडा लांब बोल्ट आतले आटे पकडू शकतो. पण बोल्टचं टोक आत कशालाही लागता कामा नये. टोकावर ओली माती किंवा मेणाचा गोळा लावून हातानं पूर्ण बसवा आणि काढून बघा. गोळा चेपलेला दिसला तर बोल्ट आत कुठंतरी टेकतोय. तो चालणार नाही.

तिसरी पायरी हेलिकॉइल. पोलादी तारेची गुंडाळी असते ती, भोकात नवे आटे पाडून बसवायची. मूळ मापाचाच बोल्ट राहतो.

चौथी पायरी बुश. बाहेरून मोठे आटे, आतून मूळ माप. लेथवर करून घ्यायचा.

आता मोठा बोल्ट, म्हणजे १२ च्या जागी १४ मिमी. गॅरेजमध्ये सगळ्यांत आधी हाच सुचवला जातो आणि मी तो शेवटी ठेवतो. कारण बघा. १२ x १.५ च्या हेलिकॉइलसाठी जो टॅप येतो त्याचा बाहेरचा व्यास १३.९५ मिमी, म्हणजे जवळजवळ १४ च असतो. धातू दोन्हीत सारखाच जातो. मग हेलिकॉइलनं मूळ बोल्ट आणि पोलादाचे टिकाऊ आटे मिळत असताना पुन्हा मऊ अ‍ॅल्युमिनियमचेच आटे का पाडायचे? शिवाय पुढच्या वेळी ऑइल बदलणाऱ्याला १४ चा बोल्ट आहे हे माहीत नसतं.

बाजारात स्वतःच आटे कापत जाणारा ओव्हरसाइज नट मिळतो. तो घेऊ नका. तो वाकडा जातो, आणि कापलेला कीस आत ढकलतो.

टेफ्लॉन टेपबद्दल एकच प्रसंग सांगतो. एक गाडी आली, इंजिन वरनं खडखडत होतं. ऑइल पुरेसं होतं. ऑइल पंपाची जाळी काढली तर तिच्यावर पांढऱ्या तंतूंचा थर, ओल्या कापसासारखा. ड्रेन नटला गुंडाळलेली टेप आट्यांत कापली जाऊन आत पडली होती आणि पंपानं ओढून जाळीला चिकटवली होती. हेडला ऑइल जात नव्हतं. आटे दुरुस्त करायला आलेल्या गाडीचा कॅमशाफ्ट बदलावा लागला.

टप्पा ४: तयारी

इंजिन थंड होऊ द्या. ऑइल कोमट असताना काढलं तरी चालतं, पण ड्रिल आणि टॅप थंड इंजिनावरच. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळं गरम भोकात घेतलेली मापं थंड झाल्यावर तीच राहत नाहीत.

गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करा. स्टँडखाली फळी ठेवून उंच केली तर हात नीट पोचतो. काम सोपं जावं म्हणून गाडी आडवी पाडणारे पुष्कळ आहेत. तसं करू नका. भोक खाली तोंड करून असलं की कीस आपल्या वजनानं बाहेर पडतो. गाडी आडवी केली की तोच कीस सरळ इंजिनात. शिवाय टाकीचं पेट्रोल आणि बॅटरीचं पाणी सांडतं ते वेगळं.

इंजिनाचा तळ ब्रश आणि रॉकेल किंवा डिझेलनं धुवा. आपल्याकडच्या तांबड्या मातीचा थर पावसाळ्यानंतर इंजिनाखाली सिमेंटसारखा बसलेला असतो. त्याचा एक खडा टॅपखाली आला तर आटा फाटतो. जुनं ऑइल बंद डब्यात काढा, गटारीत किंवा बांधावर ओतू नका. गॅरेजमधून जुनं ऑइल नेणारे असतात, त्यांच्याकडं द्या.

सामान: तुमच्या मापाचं हेलिकॉइल किट (टॅप, बसवायचा दांडा, कॉइल), किटवर लिहिलेल्या मापाचं ड्रिल, टॅप हँडल, लहान गुण्या, ग्रीस, रॉकेल, लांब नाकाची पक्कड, रंगीत टेप, नवा बोल्ट, दोन नवे वायसर, आणि फ्लशसाठी अर्धा-पाऊण लिटर स्वस्त पण नवं ऑइल. बेळगावात उद्यमबागेच्या आसपास टूल्सच्या दुकानांत हे मिळतं. निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर जवळ पडतं.

कॉइलची लांबी विकत घेतानाच बघा. १२ मिमीच्या कॉइल बहुधा १२, १८ आणि २४ मिमी लांबीच्या येतात. बॉस १४ मिमी खोल असेल तर १२ चीच घ्यायची. लांब कॉइल जास्त मजबूत म्हणून १८ ची घेतली तर ती आत लोंबकळत राहते आणि पुढं सुटते.

टप्पा ५: भोक आणि टॅप

१२ x १.५ च्या हेलिकॉइलला ड्रिल साधारण १२.४ मिमी लागतं, १४ x १.५ ला १४.४. किटवर वेगळं लिहिलं असेल तर किटचं ऐका. पूर्ण आटे गेलेल्या भोकाचा व्यास आधीच बाराच्या आसपास असतो, म्हणजे ड्रिलला अगदी थोडं साफ करायचं असतं. ताकद लावायची गरज नाही.

ड्रिलच्या टोकापासून बॉसच्या खोलीइतकं अंतर मोजून, वर दोन-तीन मिमी जास्त धरून, तिथं रंगीत टेप गुंडाळा. टेप बैठकीला टेकली की थांबायचं. आत काही इंजिनांत गिअर, पंपाची जाळी किंवा ऑइलचा मार्ग अगदी जवळ असतो.

ड्रिलच्या खाचा ग्रीसनं भरा. कीस ग्रीसमध्ये चिकटतो. मशीन मंद चालवा, गुण्या बैठकीला लावून दोन दिशांनी सरळपणा बघा, आणि एका दमात आरपार जाऊ नका. दोन-तीन मिमी गेल्यावर काढा, पुसा, पुन्हा ग्रीस भरा.

कंप्रेसर असेल तर ऑइल भरायच्या तोंडातनं अगदी हलकी हवा आत सोडत राहा. हवा ड्रेनच्या भोकातनं बाहेर येते आणि कीस बाहेर ढकलते. पूर्ण दाबानं सोडू नका, ऑइल सील उखडतात.

आता टॅप. खरी कसोटी इथंच आहे. टॅपला ग्रीस लावा, भोकात रॉकेल सोडा. अ‍ॅल्युमिनियमला रॉकेल उत्तम चालतं, नाहीतर कीस टॅपला चिकटून आटे खरवडतो. पहिले दोन फेरे सगळं ठरवतात. जाड नट घेऊन त्याचं भोक टॅप जेमतेम सरकेल एवढं करून घ्या, तो बैठकीवर सपाट धरा आणि त्यातनं टॅप घाला. आपोआप सरळ जातो. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. मागं घेताना कीस तुटल्याचा हलका 'कट्' हाताला जाणवतो. तो जाणवला की पुढं जा. दर दोन फेऱ्यांनी टॅप पूर्ण काढा, पुसा, ग्रीस भरा.

सावध: टॅप जड झाला तर हँडलवर जोर देऊ नका. पोलादी टॅप भोकात तुटला तर तो काढणं या सगळ्या कामापेक्षा कठीण आहे. मागं घ्या, साफ करा, पुन्हा लावा.

टॅप झाल्यावर कडेची बर (वर उरलेली धारदार कड) काढायची, पण अगदी नखाएवढी. वायसरचं माप इथं लागतं. नव्या आट्यांचा बाहेरचा व्यास १४ आहे आणि वायसर बाहेरून समजा १९ चा. म्हणजे दाबायला कडेला अडीच मिमीची कडी उरते. तुम्ही मोठं ड्रिल लावून कडेला खोलगट केलं तर ती कडी दीड मिमीवर येते, आणि हेलिकॉइल कितीही चांगलं बसलं तरी नट पाझरत राहतो. कॉइलच्या मागून आट्यांच्या वाटेनं ऑइल बैठकीपर्यंत येणारच आहे. त्याला अडवणारी ती कडीच आहे.

तपासा: बैठकीवरनं नख फिरवा. ओरखडा, खड्डा लागतो का? लागत असेल तर सपाट लाकडी ठोकळ्याला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून हलका हात मारा.

टप्पा ६: हेलिकॉइल बसवणं

नवे आटे पेट्रोलनं किंवा थिनरनं धुवा, वाळवा. कॉइल दांड्यावर चढवा. तिच्या एका टोकाला आडवी शेपटी असते. ती दांड्याच्या खाचेत अडकते आणि भोकात तीच पुढं जाते. न दाबता फिरवा. दाब दिला तर कॉइल एक आटा उडी मारते आणि वाकडी बसते. बैठकीपासून पाव ते अर्धा फेरा आत गेली की थांबा. बैठकीच्या वर राहिली तर वायसर बसणार नाही.

आता शेपटी तोडायची. इतर ठिकाणी वरून ठोकून तोडतात. ड्रेनच्या भोकात ठोकलंत तर शेपटी इंजिनात पडते. आणि ती चुंबकाला नीट लागेल याचा भरवसा नाही, कारण कॉइल बहुधा स्टेनलेसची असते. लांब नाकाच्या पक्कडीनं शेपटी घट्ट धरा आणि वर-खाली हलवा; खाचेपाशी ती तुटते. पक्कड सोडू नका. तुकडा बाहेर काढून तळहातावर बघा. तो दिसल्याशिवाय पुढचा टप्पा नाही.

नवा बोल्ट बोटांनी फिरवून बघा. शेवटपर्यंत गेला आणि डोकं सगळीकडून एकदम बैठकीला टेकलं, तर काम सरळ झालंय. एका बाजूला आधी टेकलं आणि दुसरीकडं फट दिसली, तर टॅप तिरका गेलाय. तिरक्या बोल्टला घट्ट करून सरळ करता येत नाही. तेव्हा कॉइल काढून बुशकडं जा.

टप्पा ७: बुश, जेव्हा हेलिकॉइल चालत नाही

हेलिकॉइल निघून आलं असेल, टॅप तिरका गेला असेल किंवा आधी कुणी मोठा बोल्ट घालून भोक बिघडवलं असेल, तर बुश. उद्यमबागेत फाउंड्री आणि लेथची कामं रोज चालतात, हा तुकडा करणं त्यांना अवघड नाही. अवघड असतं ते आपण नीट सांगणं. तोंडी सांगू नका. चित्र काढा, मापं लिहा. मराठी बोला, कानडी बोला, कागदावरचा आकडा सगळे एकच वाचतात.

१२ x १.५ साठी मी असं लिहून देतो: धातू एमएस (साधं पोलाद). आतले आटे १२ x १.५. बाहेरचे आटे १८ x १.५. लांबी बॉसच्या खोलीपेक्षा एक मिमी कमी. वर कॉलर, जाडी २ मिमी, व्यास जुन्या बैठकीएवढा. आणि खाली ठळक: आतले आटे आणि कॉलरचं तोंड एकाच सेटिंगमध्ये करा. जॉब चकमधनं काढून उलटा धरून दुसरी बाजू केली की थोडा तिरकेपणा येतो, आणि मग बोल्टचं डोकं कॉलरवर पूर्ण टेकत नाही. भोकाला ड्रिल १६.५ चं लागेल. बॉस तेवढा जाड नसेल तर बाहेरचे आटे १६ x १.५ करा, ड्रिल १४.५. पण तेव्हा बुशची भिंत जेमतेम एक मिमीची उरते, म्हणून आटे सावकाश कापायला सांगा.

बुशचे बाहेरचे आटे आणि भोक दोन्ही थिनरनं तेलकटपणा पूर्ण जाईपर्यंत धुवा. बोटांचा डागसुद्धा नको. लाल रंगाचं कायम पकडीचं थ्रेड लॉकर आट्यांवर आणि कॉलरच्या खालच्या बाजूला लावा, बुश फिरवून बसवा, बाहेर आलेलं पुसा. चोवीस तास गाडीला हात लावू नका. संध्याकाळी बसवून सकाळी ऑइल भरलं तर बुश पुढच्या सर्व्हिसला बोल्टबरोबर फिरून बाहेर येतो.

टप्पा ८: आत गेलेला कीस धुऊन काढा

कितीही जपलं तरी थोडा कीस आत जातोच. चुंबक इथं उपयोगाचा नाही, अ‍ॅल्युमिनियम त्याला लागत नाही. बोल्ट न लावता, खाली पांढरी थाळी ठेवून, वरून स्वस्त ऑइल सावकाश ओता. थाळीत चमचम दिसेल. चमचम दिसायची थांबेपर्यंत थोडं थोडं ओतत राहा. गाडी हातानं थोडी डावी-उजवीकडं झुकवा, म्हणजे कोपऱ्यातलं खाली येतं. गाडीत जाळी असेल तर ती काढून धुवा. फिल्टर असेल तर नवा घाला.

सावध: डिझेल किंवा रॉकेल भरून इंजिन चालू करू नका. बेअरिंगला वंगण राहत नाही.

टप्पा ९: नट बंद करणं

नवा वायसर. तांब्याचाच जुना वापरायचा झाला तर गॅसवर लालभडक करून पाण्यात टाका. तांबं पुन्हा मऊ होतं. अ‍ॅल्युमिनियमचा वायसर मात्र दर वेळी नवा.

बोल्ट बोटांनी पूर्ण बसवा. पाना फक्त शेवटच्या ओढीसाठी. १२ मिमीच्या ड्रेन बोल्टला बऱ्याच मोटारसायकलींत २४ ते ३० न्यूटन-मीटर सांगितलेलं असतं. तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडा बघा. टॉर्क पाना नसेल तर हिशोब असा: २० सेंटीमीटरच्या रिंग पान्याच्या टोकाला साधारण १२ किलोचा भार म्हणजे जवळपास २४ न्यूटन-मीटर. त्याच पान्याला पाइप जोडून ६० सेंटीमीटर केला, की तेवढ्याच जोरानं ७० च्या वर जातो. आटे जातात ते इथंच. पाइप आणि हवेची गन, दोन्ही या बोल्टपासून लांब ठेवा.

कार असेल तर दोन फरक. पत्र्याच्या चेंबरला आतनं नट वेल्ड केलेला असतो. तो गेला तर चेंबर उतरवून नवा नट वेल्ड करा किंवा चेंबर बदला. गाडीला लावलेल्या, ऑइलनं माखलेल्या चेंबरवर वेल्डिंग कधीही नको. अ‍ॅल्युमिनियमचा चेंबर असेल तर वरचेच टप्पे. आणि गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली जाऊ नका, स्टँड लावा.

टप्पा १०: चाचणी

आधी पाव लिटर ऑइल घाला, खाली स्वच्छ वर्तमानपत्र पसरा आणि रात्रभर सोडा. सकाळी कागद कोरडा असेल तर पुस्तकात दिलेलं बाकीचं ऑइल भरा, पाच-दहा मिनिटं इंजिन चालवा, बंद करून पुन्हा बघा. मग गावातल्या गावात दहा-बारा किलोमीटर फिरवा. पहिल्याच दिवशी चोर्ल्याच्या घाटात नेऊ नका. शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांत ऑइल लिटरभरच असतं, आणि गळालेलं ऑइल मागच्या टायरवर आलं तर वळणावर गाडी सरकते.

फिरवून आणल्यावर ओलसर दिसलं तर लगेच पाना लावू नका. ओल कुठनं आहे ते पुसून बघा. वायसरच्या कडेनं असेल तर थंड झाल्यावर बोल्ट काढून बैठक आणि वायसर तपासा. बुशच्या कॉलरखालून असेल तर थ्रेड लॉकर बसलेलं नाही, तो टप्पा पुन्हा करावा लागेल. कोरडं असेल तर बोल्टच्या डोक्यावरून चेंबरवर येणारी एक सरळ रेघ पांढऱ्या रंगानं ओढा. हजार किलोमीटरनंतर वाकून फक्त ती रेघ बघा. जागेवर असेल तर बोल्टला हात लावू नका.